कांद्याचा भाव आणि घराचे अंदाजपत्रक

(विंचूर येथे शेतकरी कुटुंबांसमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

विंचूरला हिशेब नवा नाही. पेशव्यांचे सरदार विठ्ठल शिवदेव यांचे घराणे याच गावावरून विंचूरकर म्हणून ओळखले गेले. त्या काळी सरदाराला सरंजाम मिळे; पण वसूल किती आला आणि फौजेवर किती खर्ची पडला, याचा हिशेब फडणिसांच्या दप्तरात द्यावा लागे. रोजच्या नोंदींची रोजकीर्द, खातेवार मांडणीची खतावणी आणि वर्षअखेरचा ताळेबंद ही शिस्त मराठी समाजाने पिढ्यान्पिढ्या सांभाळली. दिवाळीत आजही वहीपूजन होते. खेद एवढाच, की वही दुकानात पुजली जाते आणि घरचा कारभार मात्र आठवणीवर चालतो.

नोकरदाराच्या घरात दरमहा ठरावीक तारखेला पगार येतो. लासलगाव बाजार समितीच्या विंचूर उपबाजारात कांद्याचा ट्रॅक्टर घेऊन उभे राहणाऱ्याचे गणित निराळे आहे. पैसा वर्षातून मोजक्या दिवशी हाती येतो. किराणा, दूध, वीज आणि मुलांचे शिक्षण यांचा खर्च बारा महिने चालतो. शिवाय भाव त्याच्या हातात नसतो. डिसेंबर २०२३ मध्ये कांदा निर्यातीवर बंदी आली. मे २०२४ मध्ये ती उठली, पण ४० टक्के निर्यात शुल्क लागले. सप्टेंबर २०२४ मध्ये ते २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ पासून रद्द झाले. सोळा महिन्यांत चार बदल! अशा घराला अंदाजपत्रकाची गरज नोकरदाराहून अधिक आहे.

येथे संगणक उपयोगी पडतो. १९७९ साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन या अमेरिकी तरुणांनी ‘व्हिजिकॅल्क’ हा आकडेमोडीचा तक्ता बाजारात आणला. वर्गातल्या फळ्यावर एक आकडा बदलला की पुढचे सारे आकडे पुसून पुन्हा मांडावे लागतात, हे पाहून ब्रिकलिन यांना त्याची कल्पना सुचली. आजचे एक्सेल किंवा विनामूल्य मिळणारे लिब्रे ऑफिस त्याच तत्त्वावर चालते. त्यात मराठीतून लिहिता येते आणि मोबाईलवरही असे तक्ते उघडतात.

मांडणी साधी असावी. पहिले पान रोजकीर्दीचे. त्यात तारीख, तपशील, खाते, जमा आणि खर्च असे पाच स्तंभ पुरेत. दुसरे पान गोषवाऱ्याचे; तेथे प्रत्येक खात्याची बेरीज तक्ता आपोआप करतो. तिसरे पान वर्षाच्या अंदाजपत्रकाचे. तीन पथ्ये मात्र पाळावीत. शेती आणि घर यांची खाती निराळी ठेवावीत. हिशेबपट्टीवरील पूर्ण रक्कम जमेस धरून हमाली-तोलाई खर्चात दाखवावी. खते-औषधांची उधारी ज्या दिवशी झाली, त्याच दिवशी नोंदवावी. फेडीच्या दिवसाची वाट पाहू नये. न लिहिलेली उधारी हे घराचे सर्वांत महाग कर्ज असते.

आता एक उदाहरण. समजा, एका घरी ३०० क्विंटल उन्हाळ कांदा झाला आणि शेतीचा खर्च ३ लाख रुपये आला. क्विंटलला २,००० रुपये भाव मिळाला तर ६ लाख येतील. खर्च वजा जाता ३ लाख, म्हणजे महिन्याला २५,००० रुपये उरतील. भाव १,५०० झाला तर महिन्याला १२,५०० उरतील. भाव १,००० झाला तर काहीच उरणार नाही. भाव निम्मा झाला म्हणून शिल्लक निम्मी होत नाही. ती संपून जाते. तक्त्यात भावाची एक चौकट बदलली की हे चित्र क्षणात समोर येते, तेही कर्ज काढण्यापूर्वी.

भाव वाढेल या आशेने माल चाळीत ठेवला तर दुसरी चौकट घटीची. ३०० क्विंटलमध्ये २० टक्के घट धरली तर २४० क्विंटल उरतात. काढणीच्या वेळी १,५०० रुपयांनी विकून जे साडेचार लाख मिळाले असते, तेवढेच मिळवण्यासाठी नंतर १,८७५ रुपये भाव लागेल. थांबावे की विकावे, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण हा आकडा डोळ्यांसमोर ठेवून ठरवावे.

म्हणून घराचे अंदाजपत्रक चांगल्या वर्षाच्या भावावर बेतू नये. गेल्या काही वर्षांच्या आपल्याच पट्ट्या काढून त्यांतला कमी भाव धरावा. त्या भावाने जे उरेल, त्याचे बारा भाग करून दरमहा तेवढीच रक्कम घरखर्चाला द्यावी. त्याहून अधिक जे येईल, ते वाईट वर्षासाठी वेगळे राखावे. कमी भावाने काहीच उरत नसेल, तर पिकाची वाटणी बदलणे किंवा जोडधंदा पाहणे, हा विचार पेरणीपूर्वी व्हावा. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे सारेच म्हणतात. पण अंथरूण किती लांब आहे, ते आधी मोजावे लागते.

हे काम घरातल्या कर्त्या पुरुषाने एकट्याने करू नये. तेल महिन्याला किती लागते, हे गृहिणीला ठाऊक असते. कोणत्या वर्षी भाव कसा पडला, हे आजोबांना आठवते. तक्ता चालवण्याचा हात मुला-मुलींचा असतो. बापाला कोणत्या महिन्यात ओढाताण होते, हे ज्या मुलाने आकड्यांत पाहिले, त्याला काटकसर शिकवावी लागत नाही. आणि घरातल्या कर्जाचा आकडा एकाच माणसाने मनात दडवून झुरत राहण्याची वेळ येत नाही. चारचौघांत उघडा झालेला आकडा कितीही मोठा असला, तरी त्यावर मार्ग शोधता येतो.

आज रात्री जेवणे झाल्यावर घरात पडलेल्या पट्ट्या, दुकानाची बिले आणि बँकेचे पासबुक एकत्र काढावे. पहिल्या ओळीत आजची तारीख घालावी आणि देणे किती आहे, ते प्रथम लिहावे.