फ्रीज, नवतपा आणि सासूबाईंचे औषध

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



यंदा वर्धापनदिनाला तुम्हीही चार शब्द बोला, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी प्रथम हातच जोडले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. आजवर सभेत मी बोलले असेन ते हळदीकुंकवाच्या हिशेबापुरते. पण त्या म्हणाल्या, "पापड लाटताना तुम्ही फ्रीजची जी हकीकत सांगितलीत, तीच सांगा." म्हणून उभी आहे. चुकलेमाकले पदरात घ्यावे.

फ्रीजवर काय बोलायचे, असे काहीजणींना वाटेल. दार उघडावे, दूध ठेवावे, दार लावावे. मलाही तसेच वाटत होते. पण या फ्रीजपायी माझ्या हातून घरात एक मोठा अन्याय झाला आहे, म्हणून बोलते.

त्याचे असे झाले. २०२३ च्या दिवाळीला आम्ही स्वयंपाकघर नव्याने करून घेतले. सुताराने फ्रीजसाठी भिंतीत छान कोनाडा करून दिला, बाजूने सनमायका, वर सामानाचे कपाट. फ्रीज आत असा चपखल बसला की बाजूला बोट जाईना. येणारी प्रत्येकजण म्हणे, "किती नीटनेटके दिसते हो!" मला कोण आनंद. भिंत पश्चिमेची आहे, दुपारनंतर तिच्यावर ऊन येते, आणि शेजारीच गॅसची शेगडी आहे, हे माझ्या ध्यानातही आले नाही.

मग २०२४ चा मे आला. आपल्या नागपूरचा नवतपा आपणांस मी काय सांगावा! दूध फ्रीजमध्ये असूनही संध्याकाळपर्यंत आंबूस वास येऊ लागला. पाणी नुसते गारसर. फ्रीज रात्रंदिवस घरघरत राही, थांबतच नसे. मी काय केले, तर आतला खटका जो तीनवर होता तो फिरवून सातवर नेला, म्हणजे शेवटच्या आकड्यावर. शिवाय आमच्या सासूबाईंची इन्शुलिनची बाटली मधल्या फळीवरून काढून बर्फाच्या कप्प्याच्या अगदी खालच्या ट्रेमध्ये ठेवली. डॉक्टरांनी २ ते ८ अंशांत ठेवा म्हणून सांगितले होते ना. वाटले, तिथे औषध सुरक्षित राहील.

जूनमध्ये मृगाचा पाऊस आला. दोन दिवसांत घर गार झाले. कूलर बंद केला, पंखाही हळू केला. खटका मात्र सातवरच राहिला. सांबाराची जुडी कडक होऊन काळी पडू लागली, दुधावर सायीऐवजी बर्फाची पापडी दिसू लागली. मी उलट खूश! म्हटले, आता कसा चांगला चालतो आहे.

त्याच सुमारास सासूबाईंची साखर चढू लागली. सकाळी उपाशीपोटी १३०-१४० असायची, ती घरच्या यंत्रावर २८० दिसू लागली. डॉक्टरांनी औषधाचे माप वाढवले, तरी उतरेना. त्यांनी विचारले, "खाण्यात काही बदल?" घरात तर आंब्यांची पेटी. आणि भगिनींनो, एके दिवशी सासूबाईंच्या खाटेखाली मला आंब्याची कोय सापडली. मग काय विचारता! मी दारात उभी राहून, दोन शेजारणी ऐकत असताना बोलले, "आई, आम्ही तुमच्यासाठी एवढे करतो, आणि तुम्ही चोरून आंबा खाता?" त्या एवढेच म्हणाल्या, "मी नाही खाल्ला, सूनबाई." मी म्हटले, "मग कोय चालत आली का?" त्यानंतर त्या काही बोलल्या नाहीत. अर्धी भाकरी आणि पातळ वरण, एवढ्यावर त्यांनी जेवण आणले. कोय धाकट्याने टाकली होती, हे मला पुष्कळ उशिरा कळले.

औषध आणायला मी रिकामी होत आलेली बाटली नमुन्याला घेऊन दुकानात गेले. दुकानदार जुना, जाणता माणूस. त्याने बाटली उजेडात धरून तळव्यांत हळूहळू फिरवली. सासूबाईंचे औषध दुधासारखे पांढरे असते, फिरवले की एकसारखे व्हायला हवे. त्यात पांढरे कण तसेच राहिले, काचेलाही चिकटले होते. तो म्हणाला, "काकू, ही गोठली होती का? गोठलेले इन्शुलिन पुन्हा वितळले तरी कामाचे राहत नाही." माझ्या पायांखालची जमीनच सरकली.

डॉक्टरांकडे धावले. त्यांनी आधी वाढवलेले माप पुन्हा कमी केले. ते म्हणाले, "न विचारता नवी बाटली याच वाढीव मापाने दिली असतीत, तर साखर एकदम खाली जाऊन जिवावर बेतले असते." ज्यांच्या घरी हे औषध आहे त्यांनी एवढे लक्षात ठेवावे, की बाटली गोठल्याची शंका आली तर ती टाकावी, आणि माप आपल्या मनाने बदलू नये.

घरी येऊन सासूबाईंना सगळे सांगितले आणि त्यांचे पाय धरले. त्या म्हणाल्या, "मी सांगितलं होतं तुला." बस्, एवढेच. त्या रागावल्या असत्या तर मला बरे वाटले असते.

आता फ्रीज असा का वागला, ते मी समजून घेतले. थोडे दुरुस्तीवाल्या भाऊंनी सांगितले, थोडे आमच्या मुलीने तिच्या बारावीच्या फिजिक्सच्या पुस्तकातून.

पहिली गोष्ट म्हणजे फ्रीज गारवा तयार करत नाही. तो आतली उष्णता उचलून बाहेर खोलीत टाकतो. आपला माठ पाझरतो आणि पाणी वाळताना उष्णता घेऊन जाते, तसेच इथेही नळीतला द्रव वायू होताना आतली उष्णता घेतो. फरक एवढाच की माठाचे पाणी उडून जाते, फ्रीजचा वायू उडून जात नाही. खालचा कॉम्प्रेसर त्याला दाबून पुढे ढकलतो, मागच्या जाळीत तो उष्णता टाकून पुन्हा द्रव होतो आणि आत येतो. नव्या फ्रीजमध्ये ही जाळी दिसत नाही, नळ्या बाजूच्या पत्र्याच्या आत असतात, म्हणून बाजू हाताला गरम लागतात. ते बिघडल्याचे लक्षण नव्हे, पुष्कळजणी उगाच घाबरतात. पण त्याच गरम बाजूंवर आपण प्लॅस्टिकचे फुलाफुलांचे आवरण चढवतो, आणि मागे पिशव्यांच्या घड्या कोंबतो! मीही कोंबत होते.

जाळीने उष्णता टाकायची ती खोलीतल्या हवेत. हवाच तापलेली असेल तर ती घेणार किती? माझ्या कोनाड्यात तर टाकलेली उष्णता तिथेच कोंडून फ्रीजच्याच अंगावर परत येत होती. भाऊंनी आणखी एक गोष्ट दाखवली. फ्रीजच्या माहितीपट्टीवर बारीक अक्षरांत हवामानाचा वर्ग लिहिलेला असतो. 'टी' म्हणजे ४३ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी, 'एसटी' म्हणजे ३८ पर्यंत, नुसता 'एन' म्हणजे ३२ पर्यंत. आमचा 'टी' आहे, पण कोनाड्याच्या मागच्या अंगाला थर्मामीटर धरला तर दुपारी ४९ अंश! बिचाऱ्या यंत्राने करावे तरी काय?

दुसरी गोष्ट त्या खटक्याची. मला वाटे, सात म्हणजे सात अंश, किंवा असेच काही. तसे नाही. आमच्यासारख्या एका दाराच्या फ्रीजमध्ये खटका बर्फाच्या कप्प्याजवळची थंडी ओळखतो, खालच्या फळ्यांची नाही. खोली ४० अंशांवर असते तेव्हा बाहेरची उष्णता दारातून, भिंतींतून सतत आत शिरत असते, म्हणून सातवर ठेवूनही खालच्या फळ्या फार गार होत नाहीत. तीच खोली पावसाने २८ वर आली की आत शिरणारी उष्णता कमी होते, आणि त्याच आकड्यावर वरचा ट्रे गोठू लागतो. फ्रीज बदलला नव्हता, खटका बदलला नव्हता, खोली बदलली होती. काही फ्रीजमध्ये खटक्यावर उन्हाळा, पावसाळा, हिवाळा असे लिहिलेलेच असते. आम्ही ते एकदा विकत घेताना वाचतो.

सासूबाईंना हे सांगितले तर त्यांना मुळीच नवल वाटले नाही. त्या म्हणाल्या, "आमचा माठ आम्ही ऋतूप्रमाणे हलवत होतो. उन्हाळ्यात ओल्या वाळूवर, वाऱ्याच्या वाटेवर, आणि पावसाळ्यात तो पाझरून गार होत नाही म्हणून आत. तुम्ही तुमचा फ्रीज बसवला तो बसवलाच." सातवी शिकलेल्या सुनेला हे सुचले नाही, आणि शाळेचे तोंडही न पाहिलेल्या सासूला ठाऊक होते.

आता उलट बाजू. फ्रीज खोलीला किती तापवतो? याबद्दल आमच्या वाड्यात दोन मते आहेत. कोणी म्हणते, फ्रीजमुळे घराची भट्टी होते. आणि आमचा धाकटा दुपारी फ्रीजचे दार उघडून समोर बसायचा, म्हणजे घर गार होते! दार उघडे असताना पुढून गार वारा येतो खरा, पण ती सगळी उष्णता मागून त्याच खोलीत पडते, आणि वर कॉम्प्रेसरने खाल्लेल्या विजेची उष्णता निराळी. बंद खोलीत दार उघडे ठेवले तर शेवटी खोली तापतेच.

दार लावलेले असेल तर हिशेब सोपा आहे. खोलीतून जेवढी उष्णता आत झिरपते तेवढीच परत बाहेर टाकली जाते. जास्तीची पडते ती फक्त खाल्लेल्या विजेएवढी. २०२५ च्या मे महिन्यात मी भाऊंकडून प्लगला लावायचे छोटे मीटर मागून आणले. फ्रीज कोनाड्यात असताना चोवीस तासांत १.६ युनिट लागले. मग कोनाड्याची एक बाजू आणि वरचे कपाट काढून टाकले, फ्रीज पुढे ओढून मागे १० सेंटिमीटर जागा सोडली. त्याच आठवड्यात, तेवढ्याच उन्हात, १.१ युनिट लागले. १.६ युनिट म्हणजे जुना साठ वॅटचा दिवा दिवसरात्र जळावा तेवढी उष्णता, किंचित जास्तच. शांत बसलेला माणूस सुमारे १०० वॅट उष्णता देतो. म्हणजे फ्रीज हा घरात बसलेला अर्धा-पाऊण पाहुणाच म्हणा ना. गॅसची मोठी शेगडी पेटलेली असते तेव्हा वीस माणसांएवढी उष्णता टाकते. घर तापते म्हणून फ्रीजला बोल लावण्यात अर्थ नाही, स्वयंपाक सकाळी लवकर आटोपावा. सुताराचे पैसे पाण्यात गेले याबद्दल मात्र "हे" अजून मला ऐकवतात.

कूलरविषयी सांगायचे राहिले. कूलरने खोली गार होते, ते फ्रीजला मानवते. पण खिडकी लावून कूलर चालवला तर हवा ओली होते, दार उघडताच ती ओल आत जाते आणि बर्फाच्या कप्प्यावर थर चढतो. हा थर पांघरुणासारखा आतला गारवा अडवतो. म्हणून खिडकी थोडी उघडी हवी, आणि थर अर्ध्या बोटाएवढा झाला की फ्रीज बंद करून तो वितळू द्यावा. सुरीने खरवडू नये, नळीला भोक पडले तर सगळा वायू जातो.

वीज गेली तर दार उघडू नये. बंद दारात चारेक तास आत गारवा टिकतो, पण खोली तापलेली असेल तर तेवढाही भरवसा नाही. अशा वेळी आम्ही सासूबाईंची रीत करतो. मोठ्या मडक्यात वाळू, तिच्यात छोटे मडके, वाळू पाण्याने भिजवायची, वर ओले फडके, आणि आत घट्ट डबीत औषध. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात हे चांगले गार राहते. मुंबईच्या दमट हवेत तेवढे साधत नाही, माझ्या बहिणीने करून पाहिले आहे.

आता बाटली मधल्या फळीवर, डबीत, मागच्या भिंतीला न लावता ठेवतो. शेजारी पाण्याच्या पेल्यात थर्मामीटर असतो. कोनाड्याच्या दिवसांत भर मेमध्ये मधल्या फळीवर १४ अंश दाखवायचा. फ्रीज मोकळा केल्यावर, खटका पाचवर असताना, तो ६ वर आला. पहिला पाऊस पडला की सासूबाई खाटेवरूनच हाक मारतात, "सूनबाई, खटका मागे फिरवला का?"

हा थर्मामीटर मी आज पिशवीत आणला आहे. ज्यांना आपला फ्रीज तपासायचा असेल त्यांनी घेऊन जावा. पाण्याच्या पेल्यात बुडवून रात्रभर ठेवावा, सकाळी दार उघडताच वाचावा. मात्र दोन दिवसांत परत आणून द्यावा. घरात तो एकच आहे, आणि तो जागेवर नसला की सासूबाईंना चैन पडत नाही.