शकुंतलेची अट
(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



शाकुंतलाची कथा आम्ही शाळेत पुष्कळ वर्षे सांगितली. एकदा एका मुलीने विचारले, "गुरुजी, विसरला राजा, मग भोगले शकुंतलेने का?" दुर्वासांच्या शापाकडे बोट दाखवून आम्ही तिला खाली बसविले. निवृत्तीनंतर महाभारताचे आदिपर्व वाचले, तेव्हा उत्तर सापडले. राजा विसरलाच नव्हता!

तेथे शाप नाही, अंगठीही नाही. गांधर्वविवाहापूर्वीच, आपल्या पुत्राला राज्य मिळावे, अशी अट ती घालते. पुढे भरसभेत राजा तिला जाणूनबुजून नाकारतो, तेव्हा सत्य आणि पत्नीचा मान यांविषयी ती त्याला खडे बोल सुनावते. आकाशवाणी झाल्यावर राजा कबूल करतो, की लोकशंकेच्या भयाने आपण असे वागलो.

कालिदासाने शाप योजून राजाचा दोष झाकला. सहाव्या अंकात त्याला पश्चात्तापाने पोळविले, हे खरे. परंतु शकुंतलेची ती अट मात्र गळाली. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात रंगभूमीवर आणलेले 'संगीत शाकुंतल' कालिदासावरच आधारलेले. त्यामुळे मराठी मनात हीच शकुंतला ठसली.

बंधूंनो, स्थळ ठरविताना आपण पत्रिका, शिक्षण, नोकरी सारे विचारतो. मुलीची अट विचारीत नाही. आम्हीही आमच्या कन्येला विचारले नव्हते. ते शल्य उरात आहे. आता नात उपवर झाली आहे. तिला प्रथम विचारू. वर्गातल्या त्या मुलीला आमचे हे उशिराचे उत्तर.