ढोलवाल्यांचा मेल रांगोळीवाल्यांना कशाला?

डोंबिवलीच्या गणेश मंदिर संस्थानाने १९९९ साली पाडव्याची स्वागतयात्रा सुरू केली. समजा, तुम्ही अशा यात्रेचे स्वयंसेवक आहात आणि ढोल पथकाची वेळ बदलली. मेल सगळ्यांनाच धाडलात, तर पुढच्या वेळी कामाचा मेलही कोणी उघडणार नाही.

म्हणून मी सांगतो, गूगल काँटॅक्ट्समध्ये कामानुसार लेबलं करा: ढोल, रांगोळी, चित्ररथ. एकच माणूस दोन लेबलांत असला तरी चालतं. मग कॉम्प्युटरवर जीमेलमध्ये लेबलाचं नाव टाइप करा, सगळे पत्ते आपोआप येतात.

फक्त 'टू'मध्ये नको हं, 'बीसीसी'मध्ये! नाहीतर एखाद्या ताईचा पत्ता शंभर अनोळखी लोकांच्या हाती जातो. पथक सोडलेल्यांना लेबलातूनही काढा.

करून बघा, भेटूया पुढच्या भागात!