पेशीतील मालवाहतूक आणि आपली औषधे
(सोलापूर येथील शेतकरी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कांद्याच्या हंगामात सोलापूरच्या बाजार समितीबाहेर गाड्यांची रांग लागते. रस्ता अडला की माल गाडीतच सडतो. सजीवांच्या पेशीतही अशीच मालवाहतूक रात्रंदिवस चालते. आपण फवारतो आणि जनावरांना पाजतो त्यांपैकी काही औषधे नेमका हाच रस्ता तोडतात.

पेशीतले रस्ते म्हणजे ट्यूब्युलिन या प्रथिनाच्या पोकळ नळ्या. जाडी मिलिमीटरच्या चाळीस हजाराव्या भागाएवढी! त्यांवरून कायनेसिन नावाचे प्रथिन माल घेऊन चक्क पावले टाकत चालते. हे प्रथिन १९८५ साली माकूळ या समुद्रजीवाच्या मज्जातंतूत सापडले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील रूप मल्लिक यांच्या गटाने २०१७ मध्ये उंदरांच्या यकृतात एक गोष्ट दाखवली. पोट भरलेले असताना कायनेसिन चरबीचे थेंब पेशीच्या कडेकडे ओढते व तेथून चरबी रक्तात जाते. उपाशीपोटी ते थेंबांवरून उतरते आणि चरबी यकृतातच अडते.

आता आपल्या कामाचे. मेंढ्या-शेळ्यांना पाजायचे अल्बेंडाझोल, फेनबेंडाझोल आणि बागेत फवारायचे कार्बेन्डाझिम ही एकाच कुळातली भावंडे आहेत. तिन्ही ट्यूब्युलिनला चिकटतात, मग नळ्या बांधल्याच जात नाहीत. जंताच्या आतड्यातील वाहतूक थांबून तो उपाशी मरतो. बुरशीच्या पेशींचे विभाजन अडते. मेंढीच्या ट्यूब्युलिनला औषध फार कमी चिकटते, म्हणून ती वाचते. तरीही गाभण मेंढीला पहिल्या महिन्यात अल्बेंडाझोल देऊ नये, वाढत्या गर्भात व्यंग येऊ शकते.

अडचण अशी की ट्यूब्युलिनच्या साखळीतला २०० क्रमांकाचा एकच मणी बदलला तरी औषध चिकटत नाही. असा बदल जंतांत आढळला आहे आणि बुरशीतही. महाराष्ट्रातील द्राक्षबागांत करप्याची कार्बेन्डाझिमला न जुमानणारी बुरशी सापडली आहे. तेच औषध वारंवार वापरले की साधे मरतात आणि असे बदललेले तेवढे उरतात. वजन न करता अंदाजाने कमी मात्रा पाजणे हे त्याहून वाईट, कारण अर्धवट मात्रेत असेच जंत तगतात.

पुष्कळजण म्हणतात, "आम्ही औषध बदलतो की!" पण अल्बेंडाझोल सोडून फेनबेंडाझोल घेतले तर बदलते ती फक्त बाटली. थायोफॅनेट मिथाईलचेही तसेच, झाडात गेल्यावर त्याचे कार्बेन्डाझिमच होते. म्हणून दुकानदाराला नाव विचारू नका, गट विचारा. जंतांसाठी लेव्हामिसोल किंवा आयव्हरमेक्टिन हे वेगळे गट आहेत. ते पशुवैद्यकांच्या सल्ल्याने, शेण-लेंडी तपासून आणि जनावराचे वजन करून द्यावेत. सगळा कळप सरसकट पाजण्याची गरज बहुधा नसते.

शेवटी डाळिंबवाल्यांसाठी. सांगोला, पंढरपूर भागात तेल्या दिसला की काहीजण कार्बेन्डाझिमचा पंप पाठीवर घेतात. तेल्या हा जिवाणूंचा रोग आहे, बुरशीचा नव्हे. जिवाणूंच्या पेशीत या नळ्याच नसतात, तेव्हा औषध चिकटणार कशाला? तो खर्च रोगट फांद्या छाटून जाळण्यावर आणि बागेच्या स्वच्छतेवर करावा.