बाबांच्या टिपा आणि माझं रिसेट
(सिलिकॉन ओएसिसमध्ये आपल्या वाचक-बैठकीत केलेलं भाषण)



आपल्यापैकी बऱ्याच जणांकडे ई-रीडर आहे, आणि काहींनी त्यात 'उद्योग' करून ठेवलेत हेही मला माहीत आहे. हसू नका, मीही त्यातलाच. जुनी मराठी पुस्तकं स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये मिळतात, पण सहा इंची पडद्यावर अक्षर मुंगीएवढं दिसतं. म्हणून बाबांच्या रीडरचं कुलूप उघडून मी त्यात कोरीडर हा मोफत प्रोग्राम टाकला. समास कापले जातात, अक्षर मोठं होतं. बाबा साताऱ्यात खूश!

गेल्या हिवाळ्यात ते इथे आले. रीडर घरच्या वायफायला मीच जोडला. रात्री चार्जिंगला असताना अपडेट होऊन गेलं आणि सकाळी कोरीडर उघडेना. "बाबा, दहा मिनिटं द्या," असं म्हणून मी सरळ फॅक्टरी रिसेट मारला. इंजिनिअर ना आम्ही!

इथेच घोटाळा आहे. आपल्या भाड्याच्या फ्लॅटचं उदाहरण घ्या. अपडेट म्हणजे मालकाने येऊन कुलूप आणि वायरिंग बदलणं; तुमच्या कपाटाला तो हात लावत नाही. रिसेट म्हणजे तुमचं सामान बाहेर. नवं कुलूप मात्र तसंच! किंडल रिसेट केल्याने जुनी आवृत्ती परत येत नाही. (कोबोच्या बऱ्याच यंत्रांत मूळ प्रणालीची प्रत आत ठेवलेली असते, त्यामुळे ती मागे जातात, पण सुरू करताना पुन्हा अपडेट होतात.) कुलूप उघडायची वाटही कायम राहत नाही. २०२५च्या जानेवारीत किंडलसाठी 'विंटरब्रेक' आलं आणि त्याच वर्षी ५.१८.१ आवृत्तीने ते बंदही केलं.

आता माझी चूक ऐका. कोरीडर उघडत नव्हता, तरी त्याचं सगळं सामान आत जागेवर होतं. वाचताना लिहिलेल्या टिपा तो पुस्तकाशेजारी, त्याच नावाच्या 'एसडीआर' फोल्डरमध्ये ठेवतो. केबलने लॅपटॉपला जोडून तो फोल्डर उचलला असता तर काम झालं असतं. मी तो पुसला. पुस्तकं संध्याकाळपर्यंत परत भरली. दोन वर्षांच्या टिपा गेल्या. "पुस्तकं आली ना? मग झालं," असं म्हणून बाबा चहा टाकायला उठले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

तेव्हा काही बिघडलं तर आधी रीडर लॅपटॉपला जोडा, लपलेल्या फाइली दिसतील असं करा आणि दिसेल ते सगळं उतरवून घ्या. कोबोवाल्यांच्या खुणा आणि टिपा 'कोबोरीडर' नावाच्या एका डेटाबेस फाइलमध्ये असतात, तीही लपलेल्या फोल्डरात. किंडलवर नेहमीच्या पद्धतीने केलेल्या खुणा 'माय क्लिपिंग्ज'मध्ये मिळतील. आणि वायफाय लागेल तेवढंच चालू ठेवा.

बाबा आता टिपा वहीत लिहितात. रीडर शेजारी असतो, एअरप्लेन मोडवर.