शाळेची वहिवाट व मुख्याध्यापकाचा कारभार
(शिक्षण परिषदेत केलेले भाषण)



मुख्याध्यापक शाळा घडवितो, असे आपण नेहमी म्हणतो. ते खरेच आहे. परंतु शाळेची वहिवाटही मुख्याध्यापकाला घडवीत असते, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही. आज त्याविषयीच चार शब्द बोलावयाचे आहेत.

मी प्रथम मुख्याध्यापक झालो, ती शाळा तीन शिक्षकांची होती. पदभार देताना मागील मुख्याध्यापक म्हणाले, "गुरुजी, एक पुस्तक हरवले तरी भरपाई तुमच्या पगारातून." कपाटात गोष्टींची सुमारे दोनशे पुस्तके होती, सारी कोरी. ती मुलांना द्यावयाची, असे मी मनाशी ठरविले होते. परंतु ज्याची जडवस्तुसंग्रह नोंदवही बिनचूक, तो मुख्याध्यापक उत्तम, अशी तेथील समजूत. दोन महिन्यांत मीही तिचाच झालो. खडूंपासून चेंडूपर्यंत सारे माझ्या किल्लीखाली गेले.

एके दिवशी पंचायत समितीतील सभा आटोपून लवकर परतलो, तो मुले ओट्यावर बसलेली. मी सहकाऱ्यांवर रागावलो. तेव्हा वडील बाई शांतपणे म्हणाल्या, "गुरुजी, खडू कपाटात आहेत, आणि काय करावे हे विचारावयास आपण नव्हता." मला उत्तर सुचले नाही.

कुर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट व राल्फ व्हाइट यांनी अमेरिकेत दहा वर्षांच्या मुलांच्या मंडळांवर केलेले प्रयोग १९३९ साली प्रसिद्ध झाले. एक प्रमुख केवळ हुकूम देई, दुसरा मुलांशी विचारविनिमय करी, तिसरा सारे मुलांवर सोडून देई. हुकमी प्रमुख खोलीबाहेर गेला की काम थंडावे. विचारविनिमयाचे मंडळ मात्र काम चालू ठेवी. तिसऱ्या प्रकारात काम फारसे साधत नसे. तेव्हा मोकळीक म्हणजे मोकाट सोडणे नव्हे.

माझी शाळा पहिल्या प्रकारची होती. दुसऱ्याच दिवशी मी पुस्तकांचे कपाट बाईंच्या स्वाधीन केले व देवघेवीची वही चौथीच्या मुलांकडे दिली. वर्षअखेर सात पुस्तके हरवली, पुष्कळ फाटली. सातांची भरपाई मी केली. परंतु वस्तीवरची जी मुले शाळा चुकवीत, त्यांतील काही पुस्तकासाठी येऊ लागली होती.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक ठरविले आहेत. हरवल्या-फाटल्याची यादी त्यांच्यापुढे उघड ठेवावी. निम्मे भय तेथेच सरते. कामे वाटून द्यावीत, आणि वाटलेल्या कामाची महिन्यातून एकदा एकत्र बसून विचारपूस करावी.

दोष केवळ आपला नाही. तपासणीस आल्यावर मीही प्रथम नोंदवहीच मागत आलो. ही वहिवाट आम्ही अधिकाऱ्यांनीच पोसली आहे. यापुढे मी आधी देवघेवीची वही पाहीन. आपण कपाट उघडे ठेवावे, एवढीच विनंती.