जुन्या गाडीचं ऑईल आणि फिल्टर

मारुती ८०० चं उत्पादन २०१४ साली थांबलं, तरी त्या पिढीच्या कितीतरी गाड्या अजून धावताहेत. अशी गाडी दारात असेल, तर ऑईल तपासणं तुमच्या हातचं आहे.

गाडी सपाट जागी लावा, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा. डिपस्टिक काढून पुसा, पूर्ण आत घाला आणि पुन्हा काढा. ऑईल दोन खुणांच्या मध्ये हवं. खुणेच्या वर भरणंही वाईटच. त्याने फेस होतो.

आता एक थेंब बोटांत चोळून बघा. नुसतं काळं दिसलं म्हणून घाबरू नका. डिझेल गाडीत नवं ऑईलही लवकर काळवंडतं. पण कचकच लागली, किंवा पेट्रोलचा वास आला, तर ते बदला आणि कारणही शोधा. ऑईल दुधाळ चहासारखं दिसलं, तर त्यात कूलंट मिसळत असण्याची शक्यता असते. मग गाडी चालवू नका, मेकॅनिकलाच घरी बोलवा.

ऑईल बदलताना फिल्टरही नवाच घाला. निव्वळ आटे जुळतात म्हणून कुठलाही बसवू नका, पार्ट नंबर ताडून घ्या. बऱ्याच फिल्टरांत, इंजिन बंद झाल्यावर ऑईल धरून ठेवणारी रबरी झडप असते. ती हलकी असली, की सकाळी स्टार्ट करताना क्षणभर खडखड ऐकू येते. बसवताना जुनी रबरी रिंग इंजिनाला चिकटून राहिली नाही ना, हे आवर्जून बघा. नव्या रिंगला ऑईलचं बोट लावा आणि फिल्टर हातानेच आवळा. निघालेलं ऑईल मात्र गटारात नको. डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे द्या.